थबकलेला काटा

ठण्... ठण्... मग जरा शांतता, आणि पुन्हा ठण्.

दगडाने लोखंड ठोकल्याचा आवाज प्रयोगशाळेच्या दारातूनच येत होता. तिचं डोकं सकाळपासून दुखत होतं, त्यात हा दुष्काळातला तेरावा महिना. तिने हातमोजे काढून टेबलावर टाकले आणि हा कोण टिकोजीराव, ते बघायला ती दाराशी गेली.

पायरीवर एक माणूस उकिडवा बसला होता. केसांत सिमेंट, एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली, भुरभुरत्या पावसात खांदे ओले. समोर तीन सळया आणि हातात चांगला ओंजळभर धोंडा. तिला बघताच त्याने धोंडा पाठीमागे लपवला. एवढा बाप्या माणूस, पण चेहरा साखरेच्या डब्यात हात सापडल्यासारखा.

"साइट इंजिनिअर मी. सळया तपासायला आणल्यात," तो म्हणाला.

"तपासायचं काम आमचं. तुम्ही तर दारातच मारहाण सुरू केलीत."

"नाही... जरा धूळ झटकत होतो."

"धोंड्याने?"

तो नुसता हसला, आणि ते हसू इतकं दमलेलं होतं की तिला राग पुढे रेटता येईना. दमलेला माणूस दमलेल्याला लांबून ओळखतो. तिने दार पूर्ण उघडलं.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक म्हातारं मशीन. शहरातल्या बांधकामांवर येणाऱ्या सळयांचे तुकडे इथे यायचे, मशीनच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढले जायचे, आणि त्यांनी किती सोसलं ते तिने सांगितल्याशिवाय साइटवर काँक्रीट पडायचं नाही. हल्ली सगळीकडे कॉम्प्युटरवाली मशीनं आली होती. इथे मात्र अजून परातीएवढी तबकडी होती आणि तिच्यावर दोन काटे, एक काळा, एक लाल. काळा काटा ताणाबरोबर चढायचा आणि लाल काट्याला पुढे ढकलत न्यायचा. सळई तुटली की काळा धाडकन शून्यावर. लाल मात्र तिथेच राहायचा, सळईने जिथवर सोसलं तिथे.

आणि प्रयोगशाळेत होते काका. ते इथले प्रमुख, पण त्यांना साहेब कोणीच म्हणत नसे. जन्मभर सळया तुटण्याचे धमाके ऐकून ते अर्धे बहिरे झाले होते आणि चहा मागायचा तरी सभा गाजवल्यासारखे ओरडत.

"कोण आलंय?" ते आतून गरजले.

"साइट इंजिनिअर, काका. सळया घेऊन," तीही तितक्याच जोरात म्हणाली. मग तिने पहिली सळई जबड्यात धरली, मशीन सुरू केलं आणि तबकडीपुढे उभी राहिली.

काळा काटा चढू लागला. चढत राहिला. मग जरासा मंदावला, रेंगाळला आणि पुढे गेला. तिने कपाळाला आठी घातली. दुसरी सळई लावली. पुन्हा तेच.

"ही सळई आधी कोणी वाकवली होती का?" तिने विचारलं.

"छे."

"नीट आठवा."

तो एकदा तबकडीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "ड्रायव्हरच्या घरी बाळ झालंय," तो अखेर म्हणाला. "गाडी त्याच्याकडे. माझ्या स्कूटरवर सळया मावेनात. म्हणून जरा... कंबरेत दुमडल्या. इथे आल्यावर सरळ केल्या. बघा ना, अगदी सरळ आहेत."

"इंजिनिअर ना तुम्ही?"

"कागदोपत्री." त्याने डोळे चोळले. "दोन रात्री काँक्रीटजवळ उभा आहे. झोप झालेल्या माणसाने हे केलं नसतं, हे खरं."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "सळई ओढली की ती जराशी लांबते," ती म्हणाली. "सोडली की परत होती तेवढी होते. इथवर सगळं माफ. पण एका ताणाला पोचली की काटा थबकतो. मशीन ओढतच असतं, पण काटा पुढे सरकत नाही, सळई आतल्या आत सैल पडून लांबत असते. तिथून पुढे सोडली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. यील्ड म्हणतात ते हेच. तुमच्या सळया वाकवतानाच ते ओलांडून आल्यात. आता ठोकून सरळ करा नाहीतर इस्त्री करा. सरळ दिसतील, पण काटा पूर्वीसारखा थबकणार नाही."

"आकडा तर जवळपास बसतोय."

"जवळपास? स्लॅबखाली कोण राहणार?"

"माणसं," तो हळूच म्हणाला.

"मग नव्या सळया आणा, धोंडेराव. लोखंड चांगलं आहे. तुम्ही उगाच त्याला बदनाम केलंत."

धोंडेराव हे नाव असं तिथल्या तिथे पडलं आणि चिकटलं.

दुसऱ्या दिवशी धोंडेराव नव्या सळया स्कूटरला आडव्या बांधून, स्कूटर ढकलत, स्वतः चालत आला. घामाने निथळत होता, पण सळया अशा सरळ की बघतच राहावं.

"एकही दुमडली नाही," त्याने सांगितलं, जणू परीक्षेत पहिला आला.

"या, तबकडीपाशी उभे राहा," ती म्हणाली. का म्हणाली, तिलाच ठाऊक. बाहेरच्या माणसाला ती मशीनजवळ फिरकू देत नसे.

दोघांची डोकी तबकडीशी जवळ आली. त्याच्या शर्टाला ओल्या सिमेंटचा वास होता. "आता बघा... चढतोय... चढतोय... आणि आता—"

काटा थबकला.

अगदी मोजका वेळ. पण त्या वेळात खोलीत कोणी श्वास घेतला नाही. मग काटा जरा थरथरला आणि पुन्हा चढू लागला.

"दुखत असेल का तिला?" त्याने विचारलं.

"विचारून सांगते," ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली, याचा हिशेब तिने ठेवला नव्हता, पण गाल जरा अवघडले एवढं खरं.

"मी परीक्षेत लिहिलं होतं हे. दोन मार्कांना होतं. बघितलं आज पहिल्यांदा."

"पडले किती?"

"एक. अर्धवट लिहिलं. काटा पुन्हा चढतो, हे लिहायचं राहिलं."

त्यानंतर ड्रायव्हर कामावर परत आला, बाळाचं बारसंही उरकलं असेल, पण सळया घेऊन यायचा धोंडेरावच. स्लॅबमागून स्लॅब घातले जात होते. तो यायचा, बाकावर बसायचा, चहा प्यायचा, आणि दोघांची थट्टामस्करी चालायची. थट्टासुद्धा दमलेल्या माणसांची, आवाज न चढवता केलेली. तो सांगायचा, साइटच्या पत्र्याच्या खोलीत इतकं गरम होतं की उशीलाही घाम येतो. ती सांगायची, बसमध्ये बसायला जागा मिळाली की उतरायचं जिवावर येतं. यात प्रेमाचं काय, असं कोणी विचारील. विचारणाऱ्याने दमून बघावं.

एकदा तर तो बाकावर बसल्या बसल्याच झोपला. मान एका बाजूला कलली, चहाचा कप मांडीवर तसाच. मशीनमध्ये सळई ताणून धरलेली होती, आता कधीही तुटली असती, आणि तुटताना खोली हादरावी असा धमाका व्हायचा. तिने मशीन थांबवलं. हलक्या हाताने त्याच्या मांडीवरचा कप उचलला.

"मशीन का बंद?" काका दारातून गरजले.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"काय? घसा दुखतोय?"

धोंडेराव हलला नाही. काकांच्या आवाजाने जो उठत नाही तो सळईने काय उठणार होता? पण तिने काही मशीन सुरू केलं नाही. तो आपणहून जागा होईपर्यंत ती शेजारच्या खुर्चीवर नुसती बसून राहिली, हातात काही काम न घेता. अशी ती बऱ्याच काळात बसली नव्हती.

घरी बसायची सोयच नव्हती. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात-पाय गेला होता आणि जीभ जड झाली होती. आईचे गुडघे कामातून गेलेले. वडिलांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणं, अंघोळ, जेवण, पुन्हा उचलून पलंगावर, सगळं तिच्याकडे. धाकटा भाऊ बायकोसोबत पलीकडच्या गल्लीत राहायचा आणि रविवारी संत्री घेऊन यायचा. घरात तिला सगळेच ताई म्हणत. भावाने लहानपणी सुरू केलं, आईने उचललं, आणि पुढे वडीलही तेच म्हणू लागले. ती सगळ्यांचीच ताई झाली होती, मग तिला विचारायचं कोणी?

"मोडेल पण वाकणार नाही, अशी आहे आमची ताई," आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. ऐकताना तिची पाठ दुखत असायची.

मागच्या रविवारी भावाने संत्री ठेवता ठेवता सुचवलं, "ताई, तू नोकरी सोडून घरीच का राहत नाहीस? दिवसा आईला एकटीला बाबा उचलत नाहीत. घरखर्चाचं मी बघतो." आईने मान डोलावली. प्रश्न सुटल्यासारखे सगळे संत्री सोलू लागले. ती म्हणाली, "बघू."

तिच्या घरी ती "बघू" म्हणाली की ते काम झालंच, असं सगळे धरून चालत.

आणि त्याच आठवड्यात धोंडेराव कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "इथलं काम संपलं. पुढच्या सोमवारी मी पुलावर चाललो. नदीवर नवा बांधतायत तिथे. दीड तास लागतो."

"बरं."

"बरं?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही. मला वाटलं, काटा जरा थबकेल."

तिने उगाच हातमोजे नीट घडी करून ठेवले. "माझंही इथलं संपेल बहुतेक. भाऊ म्हणतोय, नोकरी सोड. बाबांना दिवसा बघायला कोणी नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणाले."

"म्हणजे नाही?"

"आमच्या घरी बघू म्हणजे हो."

त्याने कप खाली ठेवला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय," मग तो म्हणाला. "हे मी... चांगल्या शब्दांत बोलणार होतो. येताना पाठही केलं होतं. पण झोप झाली नाही, विसरलो."

तिला आनंदच झाला, पण आनंदालाही उभं राहायला जागा लागते, आणि तिच्याकडे ती नव्हती.

"संध्याकाळी घरी पोचते तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं," ती म्हणाली. "तुम्हाला काय देऊ?"

"माझ्यातही नसतं. दोघं नुसते शेजारी बसू. जागा लागेल ती या बाकाएवढी."

"नाही जमायचं. मी हात काढला तर घर कोसळेल."

"हे कोणी तपासलंय का?"

"तपासायला कशाला हवं? मला सोसतं. लोखंडाची आहे मी, कोणालाही विचारा. मोडेन पण वाकणार नाही."

"ते बिडाचं ब्रीद झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "बिडाचा तवा कधी वाकलेला बघितलात? हातून पडला की सरळ दोन तुकडे, आणि आधी कोणाला पत्ता नसतो. म्हणून कोणी बिडाचा स्लॅब घालत नाही. सळई घालतो, कारण ती आधी वाकते. छत जरा झुकतं, भेगा दिसतात, खालच्या माणसाला कळतं की भार जास्त झालाय, वरचं उतरवा. तुमच्या घरच्यांना कळणार कसं? तुम्ही थबकतच नाही."

तिला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. "माझ्या मशीनपुढे बसून मलाच यील्ड शिकवताय?"

"शिकलो तुमच्याकडूनच," तो म्हणाला, उठला आणि गेला. बाहेर स्कूटर दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. ती आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली.

रविवारी भाऊ आला, संत्री घेऊन. "मग ताई, राजीनामा कधी देतेस?"

ती तेव्हा वडिलांना पलंगावरून खुर्चीत बसवत होती. दोन्ही हात त्यांच्या काखेत, पाय रोवलेले, रोजच्यासारखे. तिने त्यांना अर्धवट उचललं आणि तिचे हात थांबले. दुखले नाहीत, सुटले नाहीत, नुसते थांबले. तिने वडिलांना अलगद पुन्हा पलंगावर टेकवलं आणि तिथेच, त्यांच्या पायाशी बसली.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"दमले मी."

"चहा टाकू का थोडा?"

"चहाने जाणारं नाही हे, आई." तिचा आवाज इतका शांत होता की तिलाच नवल वाटलं. "मी नोकरी सोडणार नाही. आणि बाबांना एकटीने उचलणार नाही. मला जमत नाहीये. बरेच दिवस झाले, जमत नाहीये."

मग ती छत कोसळायची वाट बघत राहिली. पंखा फिरत होता. बाहेर कोणाची तरी बादली भरून वाहत होती. छत होतं तिथेच होतं.

"पण तू कधी बोलली नाहीस," भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडावर अपराध्यासारखं काहीतरी होतं.

"नाही बोलले," ती म्हणाली. "आता बोलतेय."

वडिलांनी चांगला हात हलवला. बोट मुलाकडे रोखलं. जड जिभेवरून शब्द हळूहळू आला. "तू... उचल."

भाऊ पुढे झाला आणि पलंगापाशी घुटमळला. "कसं धरू?"

"काखेत हात घाल. आणि गुडघ्यातून वाक, कंबरेतून नको. कंबर धरेल."

तो अर्थातच कंबरेतून वाकला. लालबुंद झाला, एकदा डगमगला, पण वडील खुर्चीत बसले. तो धापा टाकत शेजारी टेकला. "हे... रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

तो कंबर चोळू लागला. वडील मात्र तिच्याकडे बघत होते. त्यांनी पलंगाच्या रिकाम्या जागेकडे हात केला. "बस," ते म्हणाले. मग थांबून, जीभ जुळवून, "बस, बाळा."

ताई नाही, बाळा. तिथे मात्र तिला रडू फुटलं. चांगलं पोटभर रडली. आईने संत्रं सोलून एकेक फोड तिच्या हातावर ठेवली, लहानपणी ठेवायची तशी, आणि कोणी कोणाला काही समजावलं नाही.

सोमवारी धोंडेराव शेवटचा अहवाल न्यायला आला. स्कूटरला बॅग बांधलेली, दाढी केलेली, आणि नजर जरा चोरटी, पुन्हा पाठीमागे धोंडा लपवल्यासारखी.

"त्या दिवशी मी जास्त बोललो," तो म्हणाला.

"हो. बसा." ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. "काल काटा थबकला."

तो क्षणभर मशीनकडे बघत राहिला, मग त्याला कळलं. "घरी?"

"घरी."

"मग? काही कोसळलं?"

"भावाची कंबर धरलीये. बाकी सगळं शाबूत." दोघेही हसले. "रोज संध्याकाळी येईन म्हणतोय. आणि सकाळच्यासाठी माणूस बघतोय. किती दिवस टिकेल, कोण जाणे."

"टिकलं नाही तर?"

"तर पुन्हा बोलेन. आता तोंड उघडलंय." ती थांबली. पुढचं बोलायला सोपं नव्हतं. "मी इथलं सोडून पुलावर येणार नाही. नोकरी इथे, आई-बाबा इथे."

"या असं मी कुठे म्हटलं? पूल दीड तासावर आहे, चंद्रावर नाही. आठवड्याला सळया घेऊन मीच येणार."

"तिकडे म्हणे जवळच नवी प्रयोगशाळा आहे. कॉम्प्युटरवाली."

"आहे. पण तिथे काटा नाही."

ती हातांकडे बघत होती. बोटांवर लोखंडाचा काळा डाग होता, तो तिने पुसून बघितला, गेला नाही. "आणि तुम्ही ते जे विचारलं होतंत... पाठ केलेलं विसरून..."

"हं?"

"बघू," ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही, तसं नको. हो. मला आवडतोस तू. कधीपासून आवडतोस. हे सांगायलासुद्धा मला त्राण नव्हतं, म्हणून सांगितलं नाही."

तो नुसता बाकावर जरा सरकला, तिला नीट टेकता येईल एवढा. तिने डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं. सिमेंटचा वास आज नव्हता, साबणाचा होता, आणि तो वास पुरता कळायच्या आत तिला झोप लागली. प्रेमाची कबुली देऊन लगेच झोपणारी नायिका कोणी बघितली नसेल. पण ती किती दिवसांची झोप होती, ते त्याला कळत होतं. त्याने हातातला अहवाल आवाज न करता बाकावर ठेवला.

मशीनच्या जबड्यांत सकाळची सळई ताणून धरलेली होती. काका आतून आले आणि सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला. धोंडेरावाने तळहात वर केला. काकांनी सळईकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, तिच्या सैल पडलेल्या बोटांवरच्या काळ्या डागाकडे बघितलं. मग तो जन्मभर गरजलेला माणूस चवड्यांवर चालत बाकापाशी आला, खाली वाकला, आणि प्रयोगशाळेत कोणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात कुजबुजला,

"राहू दे. नंतर तोडू."